तुझ्या हातचं तूप

आई, आज पुन्हा तुझा राग आला. इथे टेक्सासात, आमच्या शुगर लँड गावातच एका ओळखीच्या घरी जेवायला गेलो होतो. तिथल्या काकू तुझ्या नातीच्या वरणभातावर तूप वाढायला लागल्या. ती हसून म्हणाली, "नो थँक यू, काकू." तर म्हणतात कशा, "एवढ्याशा तुपानं काय होतंय?" अगदी तुझंच वाक्य. पोरगी आता कॉलेजात जाते, स्वतःचं स्वतः सांगते. तू आली होतीस तेव्हा ती जेमतेम दोन वर्षांची होती. समोर येईल तो घास खायची.

तुला किती वेळा समजावलं होतं मी! किचनमध्ये उभी राहून, पोळ्या लाटता लाटता. तूप, तेल, साय, सगळ्यांत कार्बनच्या लांब साखळ्या असतात. आपलं शरीर त्यांच्या एका टोकापासून दोन-दोन कड्या तोडत जातं आणि त्यातून ताकद मिळवतं. हिच्या शरीराला लांब साखळ्या तोडता येत नाहीत. अर्धवट तुकडे साचतात आणि हृदयाला, लिव्हरला, स्नायूंना त्रास देतात. डॉक्टरांनी दिलेल्या खास तेलातल्या साखळ्या आखूड असतात, तेवढ्या तिला चालतात. आणि तिला उपाशी ठेवायचं नाही, कारण उपाशी शरीर अंगातली चरबी जाळायला घेतं आणि हिला तेही जमत नाही. तू मान डोलवायचीस. मी ऑफिसला गेले की मऊ भातात तूप कालवून तिला भरवायचीस. तेवढ्यानं तिचं पोट भरायचं आणि तिचं ते मोजून दिलेलं खास दूध तू सिंकमध्ये ओतायचीस.

मग तिला ताप आला, उलट्या झाल्या, आणि दुपारी तुझा फोन आला, "पोर मान टाकतेय गं." इमर्जन्सीमध्ये तिची शुगर पार खाली गेलेली. डॉक्टरांनी विचारलं, काय खात होती? तू मला म्हणालीस, "सांग त्यांना, रोज तूपभात खायची. मी उपाशी नाही ठेवलं." तेवढ्या अभिमानानं! मी कॉरिडॉरमध्ये सगळ्यांदेखत ओरडले, "मारायला आली होतीस का तिला?" तू म्हणालीस, "तुपानं कोणी मरत नाही. तुपावाचून मरतं." मला वाटलं, काय ही अडाणी हट्टी बाई! ती वाचली. तुझं परतीचं तिकीट मी अलीकडच्या तारखेचं करून घेतलं.

तू कायमची गेल्यावर मावशीनं सांगितलं. माझ्याआधी तुला मुलगा झाला होता. दहा महिन्यांचा होता. ताप आला, रात्रभर दूध प्यायला नाही, सकाळी गार पडला होता. आणि घरातल्या बायका तुला म्हणाल्या, बाळंतपणात तूप खाल्लं नाहीस, तुझं दूधच पाणीदार. तूप पुरुषांच्या पानात पडायचं, तुझ्या नाही, हे त्यांना दिसत नव्हतं का?

त्या बायकांचा राग येतो. पण तुझा जास्त येतो. हिच्या जन्मानंतर तपासणीत हा आजार निघाला, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं होतं, घरात कधी तान्हं बाळ गेलंय का? मी तुला फोन करून विचारलं. तू म्हणालीस, "नाही गं," आणि इकडच्या उकाड्याची चौकशी केलीस. सांगितलं असतंस तर मी तुला तेव्हाच म्हटलं असतं, आई, तुझं दूध पाणीदार नव्हतं. त्यालाही बहुतेक हेच असणार. मी नंतर डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, आता खात्रीनं नाही सांगता येणार, पण शक्यता आहे. एवढं एक वाक्य होतं माझ्याजवळ तुझ्यासाठी. ते ऐकायला तू थांबली नाहीस, आणि हे पत्रही कुठे जाणार नाही.

मावशीनं त्याचं नाव सांगितलं होतं. मी ते अजून एकदाही मोठ्यानं उच्चारलेलं नाही.