दोन्ही भाग डावे

वसमत,
गुरुवार, ८ जानेवारी

प्रिय सखुताई,

हे पत्र विजयकुमारच्या हाती देत आहे. पाकीट चिकटवले आहे. आपल्या आईला सासूबाईंनी काय लिहिले असेल, हे त्याने मला विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. फोन करता आला असता. दोनदा तुमचा नंबर लावला, आणि दोन्ही वेळा पुनमचा रक्तदाब तेवढा सांगून ठेवून दिला. फोनवर मी बोलू लागले की स्पष्टीकरण देऊ लागते. सव्वीस वर्षे कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवल्याचा परिणाम असावा. कागदावर निदान खोडता येते.

आधी बातमी. आज सकाळी रक्तदाब दीडशे-शहाण्णव होता, पायांवरची सूज उतरलेली नाही. डॉक्टर आता थांबायला तयार नाहीत. सोमवारी सिझेरियन ठरले, दिवस भरायला अडीच आठवडे असताना. बाळाचे वजन थोडे कमी आहे, पण काळजीचे कारण नाही, असे त्या म्हणतात. त्या वाक्यातला प्रत्येक शब्द मी दिवसातून वीस वेळा तपासून पाहते. रक्तदाब मोजण्याचे यंत्र घरीच आणले आहे. परवा पुनमने ते उशीखाली लपवून ठेवले. म्हणाली, तुझा चेहरा पाहूनच माझा वाढतो.

एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नाही. मला विणकामाची आवड नाही, असे मी नेहमी म्हणत आले. खरे म्हणजे सातवीत असताना हस्तकलेच्या बाईंनी तिसऱ्याच तासाला माझ्या हातातून सुया काढून घेतल्या. माझा डावा हात पाहून त्यांचे स्वतःचे टाके चुकतात, असे त्या म्हणाल्या. वर्ग हसला. विणकाम म्हणजे रिकामटेकड्या बायकांचा उद्योग, हे मत मी त्याच दिवशी बनवले आणि पुढे चाळीस वर्षे जपले. पुनम बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा मी कोणालाही न सांगता लोकर आणली, क्रोशाची सुई आणली, मोबाइलवरचे व्हिडिओ लावून तीन आठवडे झगडले. दाखवणाऱ्या साऱ्या उजव्या हाताच्या. प्रत्येक वेढा मनात उलटा करून घ्यावा लागे, आणि हाती येई तो पिळवटलेला दोर.

तुम्ही सुनेला भेटायला दर गुरुवारी शिरड शहापूरहून बसने येत होता. त्यातल्याच एका गुरुवारी तुम्ही माझी धडपड पाहिलीत, शेजारून उठलात आणि समोर जाऊन बसलात. “बाजूला बसून न्हाई जमायचं, मॅडम. आरशात बघावं तसं माझ्याकडं बघा, हात बराबर पडंल.” एका दुपारीत टाके आले. त्या दिवशी मी तुमचे आभार मानले नाहीत. सातवीपर्यंत शिकलेल्या बाईने मला शिकवावे, याची थोडी लाज वाटली होती. ते आज लिहिते आहे.

मग बाळाचा स्वेटर आपण वाटून घेतला. पाठ आणि बाह्या तुम्ही, पुढचा डावा भागही तुम्ही, उजवा तेवढा मी. दोघींनी तुमच्याच जुन्या पुस्तिकेवरून विणायचा. जोडायला बसलो तेव्हा माझ्या दोन सहकारी पुनमला पाहायला आल्या होत्या. पुढचे दोन भाग शेजारी मांडले, तर दोन्ही एकसारखे निघाले. गळ्याचा उतार दोन्हींना एकाच बाजूला. मी प्रत्येक ओळ वहीत टिपून विणले होते, म्हणजे चूक माझी असणे शक्यच नव्हते. मी म्हणाले, “पुस्तिका वाचता येत नव्हती, तर विचारायचं होतं.” तुम्ही म्हणालात, “वाचली व्हती बाई मी. तरी माझंच चुकलं आसंल.” चहा तसाच ठेवून तुम्ही उठलात. त्यानंतरचे तीन गुरुवार तुम्ही आला नाहीत.

मागच्या आठवड्यात मी तुमचा भाग उसवायला घेतला. चूक नेमकी कोणत्या ओळीत झाली ते आधी पाहावे, म्हणून पुस्तिकेशी ताडून टाके मोजले. चूक सापडली नाही. मग माझा भाग मोजला, त्यातही नाही. अर्धा तास मी दोन्हींकडे पाहत बसले, तेव्हा उलगडले. पुस्तिका म्हणते, ओळीच्या सुरुवातीला टाके कमी करा. तुमची ओळ उजवीकडून सुरू होते, माझी डावीकडून. पुस्तिकेतला उजवा भाग माझ्या हातून डावाच उतरणार होता. आरशात डावे-उजवे बदलते, हे मी दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवते, सखुताई. तुमचे विणकाम निर्दोष होते, आणि दोष मी दोन परक्या बायकांसमोर तुम्हाला दिला. त्या दोघींना काल फोन करून खरे काय ते सांगितले.

पुनमला मात्र मी खोटेच सांगत होते, की तुम्ही हळद काढण्यात गुंतला आहात. ती तुमच्या घरची सून. हळद निघायला अजून महिना आहे हे तिला कळत नाही असे मला का वाटले, कोण जाणे. तुमच्याबद्दल रोज विचारते, आत्याबाई काहून आल्या नाहीत. सोमवारी तुम्ही थेट दवाखान्यात येणार, या घरी पाय ठेवणार नाही, असे विजयकुमारकडून समजले. तुमचे म्हणणे योग्यच आहे. पण तिचा रक्तदाब माझ्या त्या एका वाक्याने वाढला असेल, या भीतीने मला अन्न गोड लागत नाही. वैद्यकीयदृष्ट्या याला आधार नाही हे मला कळते, तरीही. आज दुपारी ते वाक्य मी तिला जसेच्या तसे सांगितले. ती म्हणाली, “मला काय सांगतेस? त्यांना सांग.” म्हणून हे पत्र. मला क्षमा करा, आणि शक्य असेल तर ऑपरेशनच्या आधी एक दिवस घरी येऊन तिच्याजवळ बसा. रविवारी दुपारच्या बसला मी स्टँडवर उभी असेन. त्या बसने आला नाहीत, तर संध्याकाळच्या बसपर्यंत थांबेन.

तुमचीच,
शिवकन्या