दिशाचा एस्टोनिया

१५ एप्रिल

डोकं फिरलंय. काल जयंतीच्या कार्यक्रमात दिशाचा सत्कार. शाल, गुच्छ, टाळ्या. "आपल्या विक्रोळीची लेक शिष्यवृत्ती घेऊन एस्टोनियाला चालली!" आणि भाषणातली माहिती कोणी लिहून दिली? मी! मंडळवाल्यांना तो देश कुठे आहे तेच ठाऊक नाही, म्हणून आले माझ्याकडे.

दिली लिहून. रशियाला चिकटून एवढासा देश. माणसं जेमतेम चौदा लाख, आपल्या दोन-तीन वॉर्डांत मावतील. सोव्हिएत संघातून सुटले तेव्हा हातात काही नव्हतं. तर यांनी शाळाशाळांत कॉम्प्युटर नेऊन ठेवले. आज मतदान घरबसल्या. कर भरायचा तर चहा उकळेपर्यंत काम संपतं. अर्धा देश जंगल, आणि ते राखतातसुद्धा.

दिशा माइकवर काय म्हणाली? "तिथे सगळं ऑनलाइन असतं." बस्स. एवढंच! तो डिजिटल सरकारचा कोर्स शोधला मी. तिला अर्ज करायला लावला मी. "एकटीला बोअर होईल, तू पण भर ना" — माझेच शब्द.

१६ एप्रिल

कोणाला बोलले नाही ते इथे लिहिते. माझं "नाही झालं" हे खोटं आहे. मी प्रतीक्षा यादीत आहे. पहिली. शिष्यवृत्ती एकच, दिशा नको म्हणाली तर मला. आईलाही सांगितलं नाही. लहानपणापासून एका मजल्यावर राहतो आम्ही, आणि मी तिच्या मागे उभी आहे हे कुठल्या तोंडानं सांगू?

मुलाखतीत ती हसली असेल. मी आकडे सांगत बसले.

२ मे

अंधेरीच्या ऑफिसात दिवसभर, आमची कंपनी बनवतेय त्या सरकारी पोर्टलची तपासणी. तोच दाखला तिसऱ्या पानावर अपलोड करा, सहाव्यावर परत करा, शेवटी छापून कार्यालयात घेऊन या. मी साहेबांना म्हटलं, "एस्टोनियात एकदा दिलेली माहिती सरकारला पुन्हा मागता येत नाही. तसा नियमच आहे." साहेब हसले. "मग झेरॉक्सवाल्यांनी काय खायचं, मॅडम?"

सगळे हसले. मी पण हसले. मला आठवत होती माझी जात पडताळणी. शाळेचा एकच दाखला किती खिडक्यांवर दिला! बाबा सुट्ट्या टाकून टाकून सोबत यायचे.

हे मला कळतं. दिशा बँकेत लोकांना विमा विकते. तिला काय कळतंय यातलं!

२३ मे

दिशाचं स्टेटस — "तेरे!" तिकडच्या भाषेत नमस्कार. हा शब्द तिला मी शिकवलाय.

८ जून

आज जरा बरं वाटलं. सापडलं! एवढे हिरवे-हिरवे म्हणवतात आणि अजून जमिनीतला तेलकट दगड खणून, जाळून वीज करतात. धुराडी आहेत मोठाली. मुद्दाम दिशाला पाठवलं. बघ तुझा देश!

दोन मिनिटांत उत्तर. "हो यार, वाचलं मी. बंद करायचं ठरवलंय म्हणे त्यांनी. मग त्या खाणीतल्या लोकांचं काय होणार? माझा प्रोजेक्ट त्यावरच घेऊ का?"

असा संताप आला! प्रश्न चांगला होता. मला सुचायला हवा होता.

१ जुलै

दिशा व्हिसासाठी दिल्लीला. सकाळी सीतारामकाका, म्हणजे तिचे बाबा, जिन्यात बसलेले दिसले. घामाने चिंब, पाय सुजून टम्म. आई आणि मी रिक्षात घालून नेलं. आई खाली औषधं घ्यायला गेली आणि डॉक्टरांनी मलाच मुलगी समजून सांगितलं — दोन्ही किडन्या जवळजवळ गेल्यात. आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागेल.

काकांना आधीच माहीत होतं! महिनाभर. गोळ्या डब्यात लपवून खात होते.

"दिशाला बोलू नको हां पोरी."

"काका, असं कसं?"

"विमानात बसू दे तिला. मग बघू. तिच्या आईला मी शब्द दिला होता, पोरीला शिकवीन म्हणून. माझी शपथ घे."

घेतली. काय करणार? हात धरून बसले होते ते.

३ जुलै

दिशा आली. व्हिसाचं काम झालं. पेढे वाटले. काका हसत होते. पेढा त्यांना चालत नाही, रुमालात गुंडाळताना मी बघितलं.

ती तिकडे जंगलात फिरणार. आणि इथे काकांना तीनदा कोण नेणार? मीच ना! तिचं शिक्षण पण तिचं, आणि तिचे बाबा माझे?

सांगायला पाहिजे. कोणालाही विचारा, मुलीला सांगायलाच पाहिजे म्हणतील. खरी मैत्रीण असती तर क्षणभर थांबली नसती. मी थांबलेय, कारण मला माहीत आहे सांगितलं की काय होईल. ती जाणार नाही. आणि मग मेल मला येईल.

आईला म्हटलं, शपथ मोडली तर? आई म्हणाली, "काका आपल्या जिवावर उदार झालेत. तू मधे का पडतेस?" आईला यादीचं माहीत नाही.

६ जुलै

सांगितलं.

घाटकोपरला बॅग घ्यायला गेलो होतो. दिशा दुकानदाराशी घासाघीस करत होती, निळी की काळी, चेन उघड, बंद कर, उघड. इतकी खूश! गाणं गुणगुणत होती. तोंडातून गेलंच माझ्या. "काकांच्या किडन्या गेल्यात. तुला सांगू नको म्हणाले."

तिचा हात चेनवर तसाच राहिला. दुकानदार म्हणाला, "ताई, निळी देऊ ना?"

रिक्षानं निघालो. विक्रोळी आल्यावर म्हणाली, "तू सांगितलंस ते बरं केलंस गं."

गुणगुणत होती म्हणून सांगितलं का मी? हे लिहून झाल्यावर फाडावंसं वाटतंय.

७ जुलै

भिंतीपलीकडून काकांचा आवाज. "मी काय मरत नाही लगेच! तू जा!" मग दिशाचा. मग भांडं आपटल्याचा.

जिन्यात काका भेटले. माझ्याकडे बघितलं नाही.

९ जुलै

दिशानं नकार कळवला. आज काकांचं पहिलं डायलिसिस. तिनं बँकेत कामाच्या वेळा बदलून घेतल्या.

१४ जुलै

मेल आला. माझं नाव. अभिनंदन.

बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले. आनंदानं. खोटं का लिहू? आनंदानंच.

१५ जुलै

स्वीकारलं. चार क्लिक. मेल आत्ताच आला, मला काही कल्पनाच नव्हती — दिशाला हे सांगायचं. आरशासमोर बोलून बघितलं. जमतंय.

१९ जुलै

दिशाला सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तू प्रतीक्षा यादीत आहेस हे मला एप्रिलपासून माहीत आहे. माझ्या लॅपटॉपवर तू मेल उघडा टाकून गेली होतीस. नकाराची मुदत दहा तारखेपर्यंत होती, नंतर जागा रद्द झाली असती. म्हणून घाईनं कळवलं, तुला मिळावी म्हणून."

मी काहीतरी बोलायला गेले. तिनं हात धरला.

"तू मला का सांगितलंस ते मी विचारणार नाही, संघू. कधीच."

विचार ना गं!

आणि अजूनही, आत्ता हे लिहिताना, मला तिचा हेवा वाटतोय.