मांडीवरचं सूप

आई, तू गेलीस तेव्हा मी शाळेत होते. आता बेळगावात इंजिनिअर होऊन मी एक वस्तू तयार केली आहे, आणि तिच्याविषयी तुझ्याखेरीज कोणाशी बोलावं ते मला उमगत नाही. वस्तू साधी आहे. विड्या वळताना पान-तंबाखूचं सूप मांडीवर न घेता समोर उंचावर ठेवता यावं, मान वाकवून दिवस काढावा लागू नये, म्हणून केलेला घडीचा स्टँड. उद्यमबागेतल्या एका कारखान्यात मी नळ्या वाकवून घेतल्या, तेव्हा डोळ्यांसमोर तुझीच मान होती.

निपाणीच्या आपल्या दारात दुपारी शेजारणी सुपं घेऊन जमत आणि तू माझ्या हाती पाठ्यपुस्तक देऊन मला मधोमध बसवायचीस. एरवी चारचौघांत तोंड न उघडणारी मी पुस्तकाआडून मोठ्यानं वाचते आहे. तुझी बोटं तंबाखू भरून पान गुंडाळताहेत. धड्यात कोणी मरणार असेल तर तेवढा परिच्छेद मी गुपचूप गाळते. तुला अक्षर येत नाही, तरी तू सुपातून नजर न काढता म्हणतेस, "पान लई लौकर उलटलंस गं!" बायका हसतात. मान एवढी दुखते तर थांबत का नाहीस, असं मी एकदा विचारलं होतं. "दुखती म्हणून तर घटकाभर उठाय मिळतंय. न्हाय दुखली तर कोण उठू देतंय?" मला तो विनोद वाटला होता.

निपाणीतली आपल्या शेजारची आक्का अजून विड्या वळते. स्टँडपाशी बसली आणि म्हणाली, "व्हय की गं, बसल्या जागी आभाळ दिसाय लागलं!" पण विकत कोण घेणार? बचत गटातून भाड्यानं देऊन पाहिला; भाडं परवडेना, महिन्याभरात सगळे स्टँड पुसूनबिसून परत आले. नवउद्योगांना हात देणाऱ्या इथल्या केंद्रातले सर म्हणाले, "वस्तू चांगली आहे. पण वापरणारी गरीब आहे, म्हणजे पैसे दुसऱ्यानं द्यायचे. त्या दुसऱ्याला यातून काय मिळतं, ते शोधून आणा, नाहीतर हे इथंच थांबवू."

घरोघरी पान-तंबाखू देऊन विड्या वळून घेणाऱ्या ठेकेदाराकडे मी गेले. त्यानं स्टँडवर हात फिरवला आणि सरांना हवं असलेलं उत्तर क्षणात दिलं. "मान दुखायची थांबली की बाया जास्ती वळतील. समद्या घरांत मी फुकट देतो. रोजच्या विड्या तेवढ्या वाढवून घीन. न्हाय झाल्या तर काम दुसऱ्या घरी. तू त्यांच्यातलीच, तूच सांग त्यास्नी." विड्या न वाढवण्याची अट घाला, असं मी कसंबसं म्हणाले. तो हसला. "मग मी कशाला घिऊ, ताई?" माझ्या सगळ्या आराखड्यांतला हा एकच असा होता, जो चालणार होता. मी होकार दिला.

काल आक्काच्या दारात सगळ्या जमल्या. स्टँडची उंची कशी बदलायची, घडी कशी घालायची, ठेकेदार तो फुकट देणार आहे, हे मी नीट समजावून सांगितलं. इतकं न अडखळता मी आयुष्यात बोलले नव्हते. रोजच्या विड्या वाढणार, एवढं एकच वाक्य मी सांगितलं नाही. आक्कानं माझ्या तोंडावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. "तुज्या आईला ह्यो मिळाय पायजे हुता बघ." पान लवकर उलटलं, असं म्हणायला तिथं कोणी नव्हतं.

पहिल्या तारखेला विड्यांचा नवा आकडा लागू झाला की त्यांना कळेलच. तोवर मी हे लिहीत बसले आहे. हे पत्र तुझ्यापर्यंत पोचलं असतं, तरी तुला ते मलाच वाचून दाखवावं लागलं असतं. आणि ते वाक्य आलं की मी पुन्हा गाळलं असतं.