कारणाचा रकाना

३ मार्च १९५८

झाले ते, क्रमाने:

१. शनिवारी दुपारी, उमरेडला. माझी धाकटी बहीण शांता मागावर बसली होती. तिच्या नवऱ्याने, नामदेवने, मागून मारले. पाय मागाच्या खड्ड्यात. तिला उठता आले नाही.

२. लाकडी दांड्याने, पाठीवर. पाचपर्यंत तिने मोजले.

३. लुगड्याच्या किनारीत दोन धागे चुकले होते.

४. आईने तिला संध्याकाळच्या मोटारीने इथे आमच्या सरकारी दवाखान्यात आणले.

५. एक्स-रे मीच काढला. मणका चेपलेला. कमरेखाली काही हलत नाही.

६. नोंदवहीत कारणाच्या रकान्यात मी लिहिले: पडून. आई कानाशी म्हणत होती, "पडली लिही वं. तिले तिथंच नांदाचं आहे."

६ मार्च

डॉक्टर म्हणाले, चालणार नाही. चाकांची खुर्ची लागेल.

ऑफिसात विचारले. गरीब रुग्णांच्या फंडातून मिळते, पण बाई लग्नाची असेल तर अर्जावर नवऱ्याची सही. विणकरांची सोसायटीही देते, पण फक्त सभासदाच्या अर्जावर. सभासद नामदेव.

"आणि मारपीट असेल तर?"

हेडक्लार्क हसले. "मग केस निकाली निघेपर्यंत फाईल हलत नाही, बाई. पडली तेच बरं झालं."

९ मार्च

भेटीची वेळ. नामदेव केळी घेऊन आला. आईने त्याला स्टूल दिले!

"सही करतो ना. काहून नाही करणार? खुर्ची उमरेडले येऊ द्या. मागासाठी सुताच्या कांड्या भराले हात तं चांगले आहेत तिचे."

शांता म्हणाली, "मले तिथं नाही याचं."

त्याने तिचे केस धरले आणि डोके खाटेच्या लोखंडी दांडीवर आपटले. शेजारच्या खाटेवरची बाई किंचाळली. माझ्या बगलेत फिल्मची पेटी होती, पत्र्याची. तिच्या कडेने मी त्याच्या तोंडावर मारले. दोनदा. दुसऱ्या फटक्याची गरज नव्हती. चादरीवर रक्त, एक दात.

शांता: "ताई, अजून एक."

१० मार्च

डॉक्टरांनी नामदेवला जबड्याच्या एक्स-रेसाठी माझ्याकडेच पाठवले. दारात त्याच्या सोसायटीतले दोघे उभे. नियमाप्रमाणे विचारले, काय झाले?

त्याने मागे पाहिले. "पडलो."

"कुठे?"

"पायरीवर."

मी लिहिले: मारहाण, फिल्मच्या पेटीने. मारणारी: पुढे माझे नाव. मग मागची पाने उलटून १ मार्चची नोंद काढली. "पडून" खोडले, लाल शाईने "मारहाण, नवऱ्याकडून" लिहिले, सही केली. हे नऊ दिवसांपूर्वीच लिहायला हवे होते.

त्याला वाचता येते. तोंड नीट उघडत नव्हते तरी म्हणाला, "नोकरी जाईन तुही."

"हनुवटी वर करा. श्वास धरा."

जबडा एका ठिकाणी मोडला आहे. फिल्म स्वच्छ आली.

१२ मार्च

आई बोलत नाही. काल एवढेच, "दोघींचंही वाटोळं केलं तू." शांताची खाट २१ला रिकामी करायला सांगितली आहे. कुठे न्यायची ते कुणी सांगत नाही. माझी खोली वरच्या मजल्यावर. खाली खोली बघते आहे.

नामदेवने निरोप पाठवला: शांताची नोंद पहिल्यासारखी कर, आजच सही देतो. शांताला सांगितले. तिने अर्ज मागितला, शाईचा पॅड मागितला आणि अंगठा इतका दाबला की कागद फाटता फाटता राहिला.

अर्ज दवाखान्याच्या मोठ्या साहेबांना दिला. सोबतच्या पत्राची नक्कल:

"१ मार्चची नोंद मी खोटी केली होती, ती दुरुस्त केली आहे. १० मार्चच्या नोंदीतील मारणारी मीच. माझ्यावर जी कारवाई व्हायची ती वेगळी व्हावी; रुग्णाचा अर्ज त्यासाठी थांबवू नये. नवऱ्याच्या सहीच्या जागी रुग्णाचा स्वतःचा अंगठा आहे. तो चालेल की नाही, ते कृपया २० मार्चपर्यंत लेखी कळवावे."