सात नंबरचा पाहुणा

४ नोव्हेंबर १९३५, सोमवार. अमरावती.
आजपासून राग बंद. कॉलेज रागात सुटलं तेवढं पुरे. सुटलं नाही, मी सोडलं. लॉजिकचे प्रोफेसर सगळ्या वर्गासमोर म्हणाले, तुमचं डोकं तापलेलं असतं आणि रिकामंही. मी उठलो, निघालो, जाताना फाटकाला लाथ मारली. फाटक लोखंडी निघालं. अंगठा सुजला. दवाखान्यात शकुन नर्सनं पट्टी बांधली आणि मान खाली घालून विचारलं, "दुखलं का हो?"
त्यातला तो 'हो' मी जन्मात विसरणार नाही.
म्हणून आज त्याच दवाखान्यात वॉर्डबॉय म्हणून रुजू झालो. पहिली पायरी. मेट्रन सत्यवतीबाई म्हणाल्या, माघात नागपूरला मेल नर्सचा क्लास सुरू होतो. जो डोकं शांत ठेवील आणि घोळ घालणार नाही त्याला चिठ्ठी देईन. म्हणजे मलाच. नर्स झालो की शकुनला विचारायचं. अकोल्याला बाबांना कळवलेलं नाही. ते वकील आहेत. पुराव्याशिवाय त्यांच्यापुढे जाण्यात अर्थ नाही.

५ नोव्हेंबर.
बेडपॅन. याहून जास्त लिहवत नाही.

९ नोव्हेंबर.
एका पेशंटनं भिंतीवर पान थुंकलं. रागावलो नाही. फक्त त्याचा पानाचा डबा खिडकीबाहेर फेकला. मेट्रननं बोलावून घेतलं. डबा मीच शोधून आणला. याला संयमच म्हणतात.
शकुन अंजनगाव सुर्जीची. वडिलांचा पानमळा आणि केळी. माझे वडील कोर्टात, तिचे मळ्यात. लढावं लागणार. बाबांपुढे करायचं भाषण तयार करतो आहे. सुरुवात चांगली जमली आहे: "बाबा, आपण बसा."

१७ नोव्हेंबर.
आज लक्षात आलं की शकुन प्रत्येकालाच "दुखलं का हो?" विचारते. गळू झालेल्या हमालालाही विचारलं. तो कामाचा भाग झाला. मला विचारलं तेव्हा आवाज निराळा होता.
गोवर्धन नावाचा ड्रेसर आहे, जखमा बांधतो. केसांना इतकं तेल की डोक्यावर माशी बसली तर घसरावी. दुपारी व्हरांड्यात तो आणि शकुन धुतलेल्या पट्ट्या गुंडाळतात. एक टोक त्याच्या हातात, एक तिच्या. या कामाला दोन माणसं लागतातच. विशेष काही नाही.

२ डिसेंबर.
मेट्रन एनिमा शिकवून राहिल्या. साबणाचं कोमट पाणी, रबरी नळी, भांडं किती उंच धरायचं, सगळं. माझा हात हलका आहे म्हणाल्या. शकुन जवळच उभी होती. ऐकलं असावं.
मग मेट्रननं एकच गोष्ट तीनदा बजावली: हात लावण्याआधी नाव विचारायचं. आपल्याकडे पेशंट व्हरांड्यात उकिडवा बसून बिडी ओढतो आणि खाटेवर त्याचा पाहुणा घोरत असतो. कुणी भेटायला आलं की पेशंट स्वतः उठून खाट देतो, मानपान म्हणून.
ठीक आहे. पण नाव विचारणारा माणूस नवशिका वाटतो. डॉक्टर कुठं विचारतात?

११ डिसेंबर.
शकुनचे मावसाजी रामराव आज सकाळी धामणगावहून आले. हार्निया. सात नंबरची खाट. मी तेव्हा रात्रपाळी करून झोपलेलो होतो, भेट झाली नाही. उद्या ऑपरेशन, आज संध्याकाळी एनिमा. गोवर्धन द्यायला निघाला होता. त्याच्या हातून भांडं काढून घेतलं. घरचं माणूस आहे, मी बघतो म्हटलं. त्यानं विचारलं, कोणाच्या घरचं? मी भांडं घेऊन चालू लागलो.

११ डिसेंबर, रात्री.
उत्तम झालं. सात नंबर डोक्यावरून घोंगडी घेऊन पडलेला. भारी देह. घोंगडीतून आवाज आला, "अहो, मी कायले... मी तं..." मी म्हटलं बोलायचं नाही, कुशीवर वळा. पुन्हा कुरकुर सुरू झाली तेव्हा थोडा आवाज चढवला. राग नव्हे, दरारा. मग निमूट वळले. नंतर संडासाकडे गेले ते तरुण माणसासारखे.
नागपूर नक्की. भाषणाचा शेवटही सुचला.

१२ डिसेंबर.
ऑपरेशन पुढे ढकललं. रामरावांना एनिमा मिळालाच नव्हता. ते काल व्हरांड्यात बिडी ओढत होते. खाटेवर होते त्यांचे साडू, भेटायला आलेले. नाव शालिकराम. गाव अंजनगाव सुर्जी.
शकुनचे वडील.
मेट्रननं त्यांची हात जोडून माफी मागितली. तेव्हा ते म्हणाले, "मले वाटलं इथली पद्धतच हाये. आमच्या इकडं पाहुण्याले चहा देतात, इथं हे देत असतीन."
सगळा वॉर्ड हसला. शकुन हसली नाही. तोंडाला पदर लावून बाहेर गेली. बहुतेक माझ्यासाठी वाईट वाटलं असावं.
चिठ्ठीबद्दल मेट्रन म्हणाल्या, यंदा विसरा. बाईंची ही परीक्षा घ्यायची रीत असेल.

२० डिसेंबर.
परीक्षा नव्हती. माघाच्या क्लासला बाजूच्या वॉर्डातला ओमप्रकाश जाणार.
मला मात्र सगळ्या वॉर्डांच्या एनिमाचं काम दिलं आहे. हात हलका आहे म्हणून. एका अर्थी मी एका डिपार्टमेंटचा हेड झालो.

१४ जानेवारी १९३६.
शालिकराम आले. पानांची करंडी आणि केळीचा घड घेऊन. थेट माझ्याकडे. म्हणाले, "लय वर्षांचं पोटाचं दुखणं होतं, मास्तर. वैद्य झाले, हकीम झाले. तुमच्या हातानं मोकळा झालो." माझं गाव विचारलं. वडील काय करतात विचारलं. पगार विचारला. इतकं कुणी उगाच विचारत नाही.
जाताना म्हणाले, पुढल्या आठवड्यात येतो, एक महत्त्वाचं बोलायचं हाये.
नवा कोट शिवायला टाकला. बाबांना सगळं लिहून मोकळा झालो.

१८ जानेवारी.
बाबांचं कार्ड. एकच ओळ: निदान तिथं तरी टिक.
आशीर्वादच समजायचा.

२२ जानेवारी. दुपारी.
कोट घातला. शालिकराम आले. माझा हात हातात घेतला. बोलले ते असं:
"शकुनचं लग्न जमलं, आपल्या गोवर्धनशी. पुढच्या रविवारी. नवरदेवाकडची मंडळी दोन दिवस आमच्याच घरी राहीन, लाडू-बुंदी खाईन, कोणाचं ना कोणाचं पोट गच्च होईनच. तुमी याच, मास्तर. आन् ते भांडं आना."
मी विचार करतो म्हटलं. आवाज चढवला नाही.

२२ जानेवारी, संध्याकाळी.
जाणार नाही. माणसाला काही मान असतो.
मेट्रननं रजा मंजूर केली. मागितली नव्हती. भांडं, नळी, साबण स्टोअरमधून काढून ठेवलेत. शकुन येऊन म्हणाली, तुमी आले तर बाबांना धीर वाटीन. मग विचारलं, "अंगठा बरा हाये का हो?"
बरा आहे म्हटलं.

२ फेब्रुवारी, रविवार. अंजनगाव सुर्जी.
नळी उकळून आणली होती. नवरदेवाचे मामा सकाळीच आडवे झाले, मग एक काका, मग वाजंत्र्यांतला सनईवाला. परसात केळीच्या आड बांबूच्या तट्ट्या लावून जागा करून दिली आहे. प्रत्येकाला आधी नाव विचारलं. झाल्यावर, दुखलं का हो, तेही विचारलं. मामा म्हणाले, नाही.
लग्न लागलं म्हणतात. मंगलाष्टकांना सनई मध्येच थांबली होती, त्यावरून वेळ लक्षात यायला हवी होती. मी कामात होतो.