पंचाच्या खुर्चीत

अकोला, १२ नोव्हेंबर १९५८

आज क्लबात कॅरमचे पंच, वकीलकाका, यांच्याशी भांडलोच. मी ओरडलो तर आठवडाभर बंदी, आणि त्यांचा मुलगा अरुण शिव्या देतो ते चालतं? म्हटलं, "काका, तुमी चुकले तर तुमाले कोन बाहेर काढते?"

काका उठले. "ये, बस माह्या खुर्चीत. हा डाव तू पाह्य."

बसलो. अरुणचा हात तिरप्या रेषेपुढे गेला, स्पष्ट दिसलं. पण सुमनला माझे निरोप तिचा हा भाऊच पोचवतो. बोलू की नको?... "फाउल!" बोलून गेलो.

अरुण कानाशी पुटपुटला, "आता ताईले तूच सांगजो काय सांगाचं ते."

काका म्हणाले, "निकाल बरोबर. तू ओरडला, हा शिव्या देते; बंदी आता दोघालेही."

सुमनला निरोप पाठवणं आता अवघडच झालं. पण कॉलेज सोडल्यापासून मला 'बरोबर' म्हणणारा पहिला माणूस तिचा बाप निघाला!