वचनाखाली कोणाचं नाव?

५ नोव्हेंबर, बुधवार
हाताने रंगवायची पाटी आली! किती महिन्यांनी! नुसते फ्लेक्स चालू होते. कॉम्प्युटरवर फोटो चिकटवा आणि छापा, त्याला काय पेंटर म्हणायचं?
रूथताई आल्या होत्या, आमच्या मागच्या गल्लीतल्या. इतवारा बाजारात शिलाईचं दुकान काढतायत, १ डिसेंबरला उद्घाटन. पाटी पत्र्याचीच पाहिजे. "फ्लेक्सचा रंग दोन उन्हाळ्यांत उडून जातो, पेंटरभाऊ. सॅमचं नाव उडायले नको."
दुकानाचं नाव सॅम लेडीज टेलर. सॅम म्हणजे त्यांचा मुलगा शमुवेल. दोन वर्षं झाली जाऊन. शाहपूर रोडवर, मोटारसायकलचा अपघात. त्या गाडीचा नंबर मीच रंगवला होता.
नावाखाली बायबलची एक ओळ हवी. सुरुवात लहान असली तरी शेवट फार मोठा होईल, अशा अर्थाची. चिठ्ठी दिली, प्लास्टिकमध्ये जपलेली. ओळ झकास आहे, नव्या दुकानाला शोभेल.
त्या बसलेल्या असताना कोचिंग क्लासवाली मॅडम बॅनर न्यायला आली. बायका बोलायला लागल्या. "लेकरं किती तुम्हाले?" "एक मुलगी. नाशिकले दिली." रूथताई सरळ बोलून गेल्या. मी मान खाली घालून पत्र्याचं माप घेत राहिलो.

६ नोव्हेंबर, गुरुवार
पत्रा घासून प्रायमर मारला. आराखडा काढताना अडलो. वचनाच्या खाली, उजवीकडे, बारीक अक्षरात बोलणाऱ्याचं नाव टाकायचं, ही माझी पद्धत. संत असो की पुढारी, ज्याचं त्याला. बिननावाचं वचन माझ्या हातून निघत नाही.
रूथताईंना फोन. कोणाचं नाव टाकू?
"देवाचं. अजून कोण बोलणार असं?"
"चिठ्ठीवर ईयोब लिहिलंय."
"मग ईयोबाचं टाका. नाहीतर थांबा, पुस्तकच देते. बघा तुम्हीच."
संध्याकाळी बायबल घेऊन आल्या. ब्लाऊजपीसचं कव्हर शिवलेलं, स्वतःच्या हातचं. चिठ्ठीची गोष्टही सांगितली. नव्या वर्षाला चर्चमध्ये टोपली फिरते, प्रत्येकाने एक वचन उचलायचं, ते त्याचं वर्षभराचं. सॅम गेल्यावरच्या पहिल्या जानेवारीत त्यांना हे निघालं. "या चिठ्ठीनं मले उभं ठेवलं, भाऊ. नाहीतर मी मशीनवर बसलीच नसती."

८ नोव्हेंबर, शनिवार
सापडला! आणि तो ईयोब नाहीच!
ईयोब हे पुस्तकाचं नाव. आठव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच बोलणाऱ्याचं नाव दिलंय, बिल्दद. ईयोबाचा मित्र. म्हणजे पाटीवर खाली "— बिल्दद" असं यायला हवं. इतवाऱ्यात कोण ओळखणार याला? हसू आलं.
बायकोला हाक मारून दाखवलं. मंदा भाजी निवडत होती. "अहो, गिऱ्हाइकानं सांगितलं तेवढं रंगवा ना. पेंटर आहात का पोलीस?"
मग सहज तीन ओळी वर गेलो. तिथे हाच बिल्दद ईयोबाला म्हणतो, तुझ्या मुलांनी पाप केलं असेल, म्हणून त्यांना त्याचं फळ मिळालं.
मुलं मेलेल्या बापाला!
हे चिठ्ठीवर नव्हतं.

९ नोव्हेंबर, रविवार
दुकान बंद. सकाळपासून पहिल्या पानापासून वाचतोय. जेवायला दोनदा हाक मारावी लागली.
ईयोब चांगला माणूस. गुरंढोरं, मेंढरं, उंट, दहा मुलं. वादळाने घर पडलं आणि दहाच्या दहा गेली. वर अंगभर फोड. तिघे मित्र भेटायला आले आणि सात दिवस त्याच्याजवळ गप्प बसले. इथपर्यंत मला ते फार आवडले. मग तोंडं उघडली आणि सगळा घोटाळा.
गेल्या वर्षी वाऱ्याने मावसभावाची केळी आडवी झाली तेव्हा असंच झालं होतं. भेटायला येणारा प्रत्येक जण बांधावर उभा राहून चूक शोधायचा. टेकू कमी पडले असतील, पाणी जास्त झालं असेल. भाऊ बिचारा सगळ्यांना चहा देत होता.

११ नोव्हेंबर, मंगळवार
मला धीर कुठला! मधली पानं सोडून शेवट गाठला. उडालोच!
शेवटी देव स्वतः बोलतो. आणि त्या तिघा मित्रांवर रागावतो! माझ्याविषयी तुम्ही बरोबर बोलला नाहीत, ईयोब बोलला, असं स्पष्ट सांगतो. म्हणजे आपल्या पाटीवरची ओळ ज्याची, त्यालाच देवाने खडसावलंय. आणि रूथताई म्हणतात ती ओळ देवाची.
चप्पल घालून निघालोच होतो, त्यांना सांगायला. मंदा दारात आडवी.
"कुठं?"
सांगितलं.
"दोन वर्षं तिनं त्या ओळीवर काढली. तुम्हाले शोध लागला म्हणून तिच्या हातातून ओढून घेणार?" मग म्हणाली, "सॅमच्या मातीला तिची जाऊ काय बोलली होती, आठवते ना?"
आठवतं. सगळ्यांच्या देखत बोलली होती, आईबापाची प्रार्थना कमी पडली म्हणून. रूथताईंनी तेव्हा तिला पाण्याचा ग्लास दिला होता.
चप्पल काढली.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
"सॅम लेडीज टेलर" पूर्ण. गर्द निळ्यावर पिवळं, लाल शेड. हात अजून साथ देतो. समोरचा पानवाला उठून बघायला आला. खालची पट्टी कोरी.
रूथताई दुपारी डोकावल्या. बराच वेळ बघत राहिल्या. "स" वर बोट नेलं आणि ओला आहे म्हणून हवेतच थांबवलं.
"खालचं?"
"वाचतोय अजून."
"बाप रे, एका नावापायी पूर्ण किताब? पाटी येशूच्या दुसऱ्या येण्याआधी होईन ना, भाऊ?"
हसल्या. मीही हसलो, पण माझं हसू खोटं होतं.

१६ नोव्हेंबर, रविवार
नवीनच! शेवटचं पान परत वाचलं, सावकाश. पहिल्यांदा घाईत निम्मं सुटलं होतं.
ईयोबाचा शेवट खरंच सुरुवातीपेक्षा मोठा झाला! म्हणजे बिल्ददचं वाक्य खरं ठरलं. पण त्याने लावलेलं कारण साफ खोटं. तो म्हणत होता तू शुद्ध झालास तरच मिळेल. ईयोब तर शेवटपर्यंत भांडत होता. वाक्य खरं, आणि ते वापरणारा चुकलेला! असं कधी वाचलं नव्हतं. अंगणात तीन फेऱ्या मारल्या.
मंदा म्हणाली, "खरं ठरलं ना? मिटलं. रंगवा."
नाही मिटलं. पुढे कधी रूथताई स्वतः ते पान उघडतील. तीन ओळी वर त्यांची जाऊ बसलेली सापडेल. तेव्हा मी तोंड कसं दाखवू? मंदा म्हणाली, "सांगायचंच तर नीट सांगा. जिंकल्यासारखं नका सांगू."

१७ नोव्हेंबर, सोमवार
सांगितलं.
त्यांच्या घरी, मशीनजवळ. मी शेवटापासून सुरुवात करणार होतो, पण त्यांनी पुस्तक हातातून घेतलं आणि आठवा अध्याय काढला. चष्मा लावून वाचलं. ती वरची ओळ आली तेव्हा कळलं मला. बोट थांबलं.
"मी हे चिठ्ठीवरच वाचलं. किताबात कधी पाहिलंच नाही."
मी म्हटलं, पुढे शेवटी बघा...
"हे तर जाऊबाईचंच बोलणं आहे, भाऊ. मी दोन वर्षं तिचंच बोलणं पर्समध्ये घेऊन फिरली."
पुस्तक मिटलं. या तुम्ही आता, म्हणाल्या. चहा ठेवला होता, तो तसाच राहिला.

१९ नोव्हेंबर, बुधवार
फोन नाही. पाटी भिंतीला टेकून उभी. मंदा माझ्याशी कामापुरतं बोलते. नेपानगरच्या एका शाळेचं बॅनर छापलं, त्यात तारीखच चुकली.
वाटतं, शोधाची खुशी झाली ती मला झाली. त्यांना कशाला वाटायला गेलो.

२२ नोव्हेंबर, शनिवार
काय दिवस होता!
शटर उघडतोय तोच रूथताई. पुस्तक छातीशी धरलेलं, केस विस्कटलेले. बसल्या नाहीत.
"पूर्ण वाचलं, भाऊ! मधलं बी! तुम्ही मधलं सोडलं होतं ना?"
सोडलं होतं. कबूल केलं.
"तिथंच तर सगळं आहे! तो माणूस देवाशी भांडला! मतलब एकदम तोंडावर. मी जन्मलोच काऊन म्हणला, तू मले उत्तर दे म्हणला. अन् देव त्याच्यावर नाही रागावला, त्या गोड बोलणाऱ्यांवर रागावला! आणि मी? चर्चमध्ये कोणी विचारलं की म्हणते, देवाची मर्जी, सब ठीक आहे. दोन वर्षं! काल मी भांडली. दार लावून, मोठ्यानं. सॅमला काऊन नेलं ते सांग म्हटलं."
मंदा आतून आली होती. तिने त्यांचा हात धरला.
"मग?" मी विचारलं. माझ्या तोंडून गेलंच.
"मग काय, नाही सांगितलं. पण ऐकलं त्यानं. मले पक्कं वाटलं की ऐकलं."
मग शेवटचं पान उघडलं. मला म्हणाल्या, तुम्ही शोध लावणारे, सांगा. मेंढरं दुप्पट मिळाली. उंट दुप्पट, बैल दुप्पट. लेकरं? पहिले दहा होती, आता पण दहाच. दुप्पट काऊन नाही?
मी दोनदा वाचून गेलो होतो तिथून. दिसलंच नव्हतं.
"मेंढरं गेली ती गेली, भाऊ. म्हणून नवी दुप्पट द्यावी लागली. लेकरं तशी नाही जात. पहिली दहा आहेतच त्याची. ही दहा, अन् ती दहा. दुप्पटच झाली ना?"
मंदा रडत होती.
"असं तिथं लिहिलेलं नाही, मले माहीत आहे. पण मी आई आहे, मी असंच वाचणार. कोणी विचारलं की मी एक सांगते. तुमच्याच दुकानात सांगितलं, तुम्ही मान खाली घातली होती. आता दोन सांगणार."

२५ नोव्हेंबर, मंगळवार
खालच्या पट्टीचं विचारलं. बिल्दद नको, हे नक्की. भांडणातली एखादी ओळ घ्यायची म्हणतात, पण दुकानावर भांडण कसं लावायचं? दोघंही खूप हसलो.
मी म्हटलं, ईयोबाने शेवटी त्या मित्रांसाठी प्रार्थना केली, त्यानंतर त्याचे दिवस फिरले. त्यातलं काही घ्या.
म्हणाल्या, "ते पान मी अजून वाचलं नाही असं धरा, भाऊ."
म्हणजे जाऊबाईसाठी प्रार्थना नाही, एवढ्यात तरी.
पट्टी कोरीच ठेवून पाटी देतो म्हटलं. जागेवर शिडी लावून रंगवून देईन, केव्हाही.

१ डिसेंबर, सोमवार
उद्घाटन झालं. चर्चमधले लोक, गल्लीतले लोक, पेढे. उन्हात पाटी अशी चमकत होती की मी रस्ता ओलांडून चार वेळा बघून आलो. सगळे विचारत होते, खालची जागा रिकामी का. रूथताई म्हणत होत्या, "पेंटरचं वाचन चालू आहे." माझी फिरकी!
पहिलं गिऱ्हाईक शाहपूरची बाई, लग्नाचे ब्लाऊज. माप देताना तिने विचारलं, लेकरं किती हो तुम्हाले? मंदाने माझा दंड दाबला.
"दोन," रूथताई म्हणाल्या. "मुलगी नाशिकले असते. मुलाचं नाव वर पाटीवर आहे."
तेवढ्यात पायरीकडे लक्ष गेलं. जाऊबाई उभी होती. बोलावलं नव्हतं तिला. केव्हा आली कोण जाणे, पण 'दोन' तिने ऐकलं, कारण तिची नजर वर पाटीकडे गेली आणि तिथेच राहिली. हातात पिशवी, पिशवीत ब्लाऊजपीस.
"माझा पण शिवशील का, रूथ?"
सगळे पेढे खायचे थांबले. रूथताईंनी गळ्यातला टेप काढला, हाताला गुंडाळला, परत सोडला. आत ये म्हणाल्या नाहीत, जा पण म्हणाल्या नाहीत. मग पाटीच्या कोऱ्या पट्टीकडे बघत मला विचारलं, "भाऊ, तुमचा पिवळा रंग किती दिवस टिकतो डब्यात?"
मी म्हटलं, झाकण घट्ट लावलं तर पुष्कळ दिवस टिकतो.
घरी आल्याबरोबर झाकण घट्ट लावलं.